परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायला जाताना देशाआधी शाळा पारखा

नाशिकमधील एका सीबीएसई शाळेत नऊ वर्षे गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी मिळवण्यासाठी काय करावे. त्यांचे शिक्षण एम.एस्सी., बी.एड. आहे, वय चौतीस आहे, पती खासगी कंपनीत नोकरी करतात आणि मुलगी तिसरीत आहे. एका एजंटाने दुबईतील नोकरीसाठी दीड लाख रुपये मागितले असून आधी पर्यटन व्हिसावर तिकडे येऊन राहा, मग बघू, असे त्यांना सुचवले आहे. पैसे भरावेत का, कोणता देश चांगला, आणि कागदपत्रे कोणती लागतात, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी पुण्यात सुरुवात करून पुढे मस्कतला आणि नंतर क्वालालंपूरला गणित शिकवले आहे, आणि विभागप्रमुख म्हणून नव्या शिक्षकांच्या मुलाखतीही घेते. त्या अनुभवावरून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

एजंटाचा विषय आधी संपवू. हे पैसे देऊ नका. परदेशी नोकरीसाठी भारतातून भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि अशा एजंटाने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. दीड लाख मागणारा माणूस नोंदणीकृत असेल तर तो नियम मोडतो आहे, आणि नसेल तर त्याचा धंदाच बेकायदा आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानेही भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास मालकाला मनाई केली आहे. पर्यटन व्हिसावर प्रत्यक्ष वर्गावर उभे राहणे तिथे बेकायदा आहे, आणि 'व्हिसा नंतर करून देतो' या शब्दावर शिकवायला लागलेल्या शिक्षकाला दोन-तीन महिन्यांचा पगार बुडाला तरी दाद मागणे फार कठीण जाते. चांगली शाळा मुलाखत व्हिडिओवर घेते, नेमणूकपत्र पाठवते, कामाच्या परवान्याची प्रक्रिया स्वतः सुरू करते आणि तिकीटही बहुधा स्वतःच काढते. यांतले काहीच होत नसेल तर ती नोकरी सोडून द्यावी.

आता देशाचा प्रश्न. बहुतेक शिक्षक हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतात, आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारायला हवा. एकाच दुबईत एक शिक्षिका दहा वर्षे समाधानाने काम करते आणि दुसरी पहिल्याच वर्षाअखेरीस सामान आवरते. शहर तेच असते, हवामान आणि कायदाही तोच असतो. शाळा वेगळी असते. तुमचा दिवस कसा जाईल, आठवड्याला किती तास घ्यावे लागतील, सुट्टीत पगार मिळेल का, मुलीला प्रवेश मिळेल का, हे सगळे शाळा ठरवते. म्हणून शाळा पारखायला शिका. देश त्यामागून ठरतो.

'इंटरनॅशनल' हा शब्द कोणतीही शाळा आपल्या फलकावर लिहू शकते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी पाहायला मिळते, आणि परदेशातही परिस्थिती फार वेगळी नाही. ढोबळ मानाने तीन प्रकारच्या शाळा तुमच्यासमोर येतील.

पहिला प्रकार आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचा. तिथे सीबीएसई आहे, एनसीईआरटीची पुस्तके आहेत, अमिरातीत शालेय वर्षही आपल्यासारखे एप्रिलमध्ये सुरू होते, आणि तुमचा नऊ वर्षांचा अनुभव तिथे जसाच्या तसा चालतो. तुम्ही उद्या तिथे गेलात तरी परवा शिकवू लागाल. पण वर्ग मोठे असतात, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे तेवढेच असतात आणि पगार त्याच शहरातील ब्रिटिश शाळेच्या मानाने बराच कमी असतो. कुटुंबातील कोणी आधीच तिथे असेल तर हा पर्याय चांगला आहे. फक्त बचतीसाठी जात असाल तर भाड्याचा हिशेब आधी मांडा. दुबईत घरभाडे वर्षाचे ठरते आणि ते मोजक्या, पुढील तारखांच्या धनादेशांनी द्यावे लागते, त्यामुळे पहिल्या महिन्यातच मोठी रक्कम हाताशी लागते. अनेक भारतीय शिक्षक भाडे कमी म्हणून शारजात राहतात आणि पहाटे निघून दुबईच्या शाळेत पोहोचतात. संध्याकाळच्या परतीच्या गर्दीत त्यांचा आणखी बराच वेळ जातो. पगाराचा आकडा ऐकताना हा वेळही मोजावा.

दुसरा प्रकार खासगी संस्थांनी किंवा शाळासमूहांनी चालवलेल्या, ब्रिटिश, केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांचा आहे. आखात, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिका येथे अशा शाळा बऱ्याच आहेत आणि गणित व विज्ञान या विषयांसाठी भारतीय शिक्षकांना त्यांच्याकडून मागणी असते. तुमचे उद्दिष्ट हेच असावे, असे मला वाटते.

तिसऱ्या प्रकारात नफ्यासाठी न चालवल्या जाणाऱ्या, जुन्या, नामांकित शाळा येतात. १९२४ मध्ये सुरू झालेली जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल हे त्यांचे आद्य उदाहरण. पगारश्रेणी निश्चित, कामाचा भार मर्यादित आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याची सवय, ही त्यांची वैशिष्ट्ये. तिथे थेट नाशिकहून प्रवेश मिळणे अवघड आहे. दुसऱ्या प्रकारच्या शाळेत चार-सहा वर्षे नाव कमावून तिथे पोहोचलेले भारतीय शिक्षक मात्र मी पाहिले आहेत. एक कटू गोष्टही इथे स्पष्ट सांगायला हवी. काही शाळा आजही पासपोर्ट पाहून पगार ठरवतात, आणि काही ठिकाणी पालकांना गोरा शिक्षक हवा असतो म्हणून आपला अर्ज उघडलाही जात नाही. हा अन्याय आहे. गणित आणि विज्ञानात तो इंग्रजी विषयाच्या तुलनेने कमी आढळतो, आणि ज्या शाळेत पदानुसार छापील पगारश्रेणी असते तिथे आणखी कमी. म्हणून मुलाखतीत पगारश्रेणी सर्वांना एकच आहे का, हे विनासंकोच विचारा.

शाळेची माहिती काढायला एजंट लागत नाही. दुबईतील खासगी शाळांचे तपासणी अहवाल केएचडीए या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत, अबुधाबीतील शाळांचे तिथल्या एडेक या शिक्षण विभागाच्या. आयबी शाळा खरोखर मान्यताप्राप्त आहे की अजून 'कॅन्डिडेट' म्हणजे उमेदवारीच्या टप्प्यावर आहे, हे आयबीच्या शाळा-शोधात दिसते. मान्यता मिळालेली नसताना जाहिरातीत आयबी छापणाऱ्या शाळा आहेत. अहवालात शिक्षक किती प्रमाणात सोडून जातात याचा उल्लेख असेल तर तो परिच्छेद आधी वाचा. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे त्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शिक्षकाशी बोलणे. लिंक्डइनवर असे दोघे-तिघे सहज सापडतात, आणि 'शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी वेळेवर मिळाली का', एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरातून शाळेबद्दल पुष्कळ काही कळते.

तुमच्या बाबतीत माझा आग्रहाचा सल्ला असा आहे की, थेट उडी न घेता आधी दोन वर्षे इथल्याच एखाद्या केंब्रिज किंवा आयबी शाळेत काढा. मुंबई-पुण्यात अशा शाळा पुष्कळ आहेत आणि नाशिकमध्येही केंब्रिजचा पर्याय मिळू शकतो. परदेशी शाळा अर्ज चाळताना पहिल्यांदा पाहतात ते याच अभ्यासक्रमाचा अनुभव, आणि तो सीबीएसईच्या अनुभवाने भरून निघत नाही. यात गुणवत्तेचा प्रश्न नाही; कामाची पद्धतच वेगळी आहे. आयबी डिप्लोमाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या टप्प्याच्या, गणितात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः विषय निवडून एक छोटा शोधनिबंध लिहावा लागतो, त्याला एकूण गुणांपैकी २० टक्के भार असतो, आणि तो निबंध शिक्षकानेच तपासून गुण द्यायचे असतात. त्यातील काही निबंध आयबी पुन्हा तपासते आणि शिक्षकाने सढळ हाताने गुण दिले असतील तर सगळ्या वर्गाचे गुण खाली येतात. हे काम कधीच केलेले नसलेल्या शिक्षकाच्या हाती बारावीचा वर्ग द्यायला शाळा कचरते, आणि ते मला रास्त वाटते.

आलेखी कॅल्क्युलेटरचेही तसेच आहे. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे उत्तम गणित येणारे शिक्षकही त्या यंत्रासमोर अडखळतात. आयबी डिप्लोमाच्या गणिताच्या दोन शाखा आहेत; त्यांपैकी 'अॅप्लिकेशन्स' शाखेत सर्व प्रश्नपत्रिकांना तो लागतो. 'अॅनालिसिस' शाखेत पहिली प्रश्नपत्रिका त्याशिवाय सोडवायची असते. केंब्रिजने आयजीसीएसई या आपल्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेच्या गणितात २०२५ पासून कॅल्क्युलेटरविना सोडवायची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणली आहे, आणि तिथे मात्र आपली तोंडी आकडेमोडीची सवय फार कामाला येते. मुलाखतीत हे सांगता आले तर समोरच्याला कळते की तुम्ही अभ्यासक्रम खरोखर उघडून वाचला आहे.

नमुना पाठाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण आपले चांगले शिक्षक बहुतांश वेळा इथेच मागे पडतात. एकदा आम्ही दोन उमेदवारांना आठवीच्या वर्गावर पायथागोरसचा पाठ घ्यायला सांगितले होते. पहिल्या शिक्षकांचे विषयावर उत्तम प्रभुत्व होते. त्यांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात प्रमेय लिहिले, आकृती काढली, सिद्धता दिली आणि दोन उदाहरणे सोडवून दाखवली. वीस मिनिटे संपली तेव्हा वर्गातील एकाही मुलाने स्वतः काही केलेले नव्हते, आणि कोणाला कळले व कोणाला नाही हे त्यांना किंवा आम्हालाही सांगता आले नसते. दुसऱ्या शिक्षिकेने येताना चौकटींच्या कागदाचे तुकडे आणले होते. प्रत्येक जोडीला एक त्रिकोण दिला, त्याच्या तिन्ही बाजूंवर चौरस काढायला सांगितले आणि क्षेत्रफळांचा तक्ता फळ्यावर भरायला लावला. एका जोडीचा त्रिकोण त्यांनी मुद्दाम काटकोन नसलेला दिला होता. त्या जोडीतील मुलगा उठून म्हणाला की आमची बेरीज जुळत नाही, आम्ही कुठेतरी चुकलो. शिक्षिकेने लगेच उत्तर दिले नाही. 'सगळ्यांनी यांचा त्रिकोण नीट बघा' एवढेच म्हणाल्या आणि थांबल्या. मिनिटभराने मागच्या बाकावरून कोणीतरी काटकोनाचा मुद्दा काढला. प्रमेय त्यांनी फळ्यावर लिहिले ते पाठाच्या शेवटच्या तीन मिनिटांत. नेमणूक त्यांची झाली. आयबीच्या माध्यमिक टप्प्यात गणिताचे मूल्यमापन चार निकषांवर, प्रत्येकी आठ गुणांपैकी होते, आणि त्यांतला एक पूर्ण निकष आकृतिबंध शोधण्याचा आहे, हे लक्षात घेतले की या निवडीमागचे कारण समजते. असा पाठ घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. तुमच्या आत्ताच्या वर्गात आठवड्यातून एक तास असा घेऊन पाहा, आणि सोबत मुलांच्या कामाचे नमुने जपून ठेवा. मुलाखतीत ते दाखवता येतात.

पात्रतेबद्दल. परदेशी शाळा 'टीचिंग लायसन्स' मागतात आणि आपल्याकडे तशा नावाचे कागदपत्र नसते. बी.एड. आणि सीटेट किंवा टीईटी यांचा संच बऱ्याच ठिकाणी चालतो. शिवाय तुमच्यासाठी एक मार्ग उघडला आहे ज्याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना आहे. इंग्लंडच्या शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांतील, ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्यास पात्र असलेल्या शिक्षकांना 'क्यूटीएस' या इंग्लंडच्या शिक्षक-दर्जासाठी थेट अर्ज करू दिला आहे. तुमची पदवी, बी.एड. आणि अनुभव त्यांच्या अटींत बसतात का, हे त्यांच्या संकेतस्थळावरील प्रश्नावलीत पाहता येते, आणि अर्जाला शुल्क नाही. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत अर्जावर ही तीन अक्षरे असली की तो वाचला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून लाखो रुपयांचे ऑनलाइन अभ्यासक्रम घेण्याआधी हा मार्ग तपासा. थायलंडला जायचे असेल तर तिथली खुरुसपा ही शिक्षक परिषद परवाना देते आणि त्याची प्रक्रिया वेगळी आहे; ती शाळेकडून समजून घ्यावी.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण वेळ सर्वाधिक इथेच जातो, म्हणून नोकरी मिळण्याआधीच सुरू करावे. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रे विद्यापीठाकडून पडताळून, राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागतात. जो देश १९६१ च्या हेग करारात आहे, उदाहरणार्थ ओमान, बहरीन किंवा सौदी अरेबिया, त्याच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे करारातील देशांत चालणारे प्रमाणन, पुरते. अमिरातीसारख्या देशासाठी त्यापुढे दूतावासाचा शिक्काही लागतो. देश ठरण्याआधी विद्यापीठ आणि राज्य शासन हे टप्पे उरकून ठेवावेत. बी.एड. नियमित वर्गात बसून केले की दूरस्थ पद्धतीने, याचे पत्रही विद्यापीठाकडून घ्या, कारण दूरस्थ पदवीला आखातात अडथळे येतात.

महाराष्ट्रातील स्त्रियांची एक खास अडचण आहे आणि ती वेळीच सोडवलेली बरी. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर तेच, कधी शेवटी आईचे नाव जोडलेले. आणि लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर सासरचे आडनाव व पतीचे नाव. परदेशातील मनुष्यबळ विभागातील माणसाला ही तीन वेगवेगळी माणसे वाटतात, आणि संगणकप्रणाली तर अर्ज सरळ परत पाठवते. तुमचे असे असेल तर विवाह प्रमाणपत्र इंग्रजीत काढून तेही प्रमाणित करून घ्या, आणि नावात बदल केला असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत सोबत ठेवा. मी अशा कारणाने नेमणूक दोन-दोन महिने लांबलेली पाहिली आहे.

अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख, पद, शिकवलेल्या इयत्ता, विषय आणि पूर्णवेळ हा शब्द असायलाच हवा. 'त्यांची वर्तणूक चांगली आहे' एवढ्यावर काम होत नाही. बालसुरक्षेच्या नियमांमुळे परदेशी शाळा सध्याच्या मुख्याध्यापकांना थेट पत्र पाठवून गोपनीय अभिप्राय मागतात, आणि तो शाळेच्या अधिकृत ईमेलवरून यावा अशी त्यांची अपेक्षा असते. म्हणून मुख्याध्यापकांपासून लपवून अर्ज करण्यात अर्थ नाही. त्यांना आधी विश्वासात घ्या, आणि शाळेचा ईमेल अजूनही जीमेलवर असेल तर तेवढी सोय करून देण्याची विनंती करा. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळते. ते फार आधी काढू नका, कारण बहुतेक शाळांना ताजे लागते.

नेमणूकपत्र आले की आनंद आवरून ते दोनदा वाचा. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, म्हणून एक हिशेब दाखवते. समजा, दोन शाळा तुम्हाला महिना ८,००० दिऱ्हॅम देऊ करतात. पहिलीच्या पत्रात मूळ पगार ५,६०० आणि बाकी भत्ते आहेत. दुसरीत मूळ पगार ३,२०० आणि भत्ते ४,८००. हातात येणारी रक्कम सारखीच. पण अमिरातीच्या कायद्यानुसार सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांची. पाच वर्षांनी निघताना पहिल्या शाळेत १९,६०० दिऱ्हॅम मिळतील आणि दुसरीत ११,२००. म्हणून एकूण आकड्याच्या आधी मूळ पगाराचा रकाना पाहायचा. एक वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास ग्रॅच्युइटी मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. परिवीक्षा कालावधी तिथे सहा महिन्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, आणि पासपोर्ट शाळेने स्वतःकडे ठेवून घेणे बेकायदा आहे.

उन्हाळी सुट्टीचा पगार, विशेषतः पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचा, पत्रात स्पष्ट हवा. आठवड्याला जास्तीत जास्त किती तासिका, हेही लेखी मागा. 'शाळेच्या गरजेनुसार' या शब्दांत सगळे मावते. वैद्यकीय विमा दुबईत कर्मचाऱ्याला शाळेने द्यावाच लागतो, कुटुंबाचा मात्र शाळा देईलच असे नाही. करार मध्येच मोडल्यास किती भरपाई, हे कलम वाचल्याशिवाय सही करू नका. पतीसोबत अवलंबित व्हिसावर गेलेल्या शिक्षिकेला तिथे स्थानिक नेमणूक म्हणून कमी सवलतींवर घेतात. तुम्ही इथून निवडून जात असाल तर तिकीट, घर आणि स्थिरावण्याचा भत्ता मागणे हा तुमचा हक्क आहे आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

मुलीचा विचार तुमच्या निर्णयात माझ्या मते पगाराइतकाच मोठा आहे. चांगली शाळा शिक्षकाच्या एका किंवा दोन मुलांना मोफत अथवा सवलतीत प्रवेश देते, आणि ही सवलत पैशांत मोजली तर कधीकधी निम्म्या पगाराएवढी भरते. मात्र पुढचे पाहून ठेवा. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास, अशी अट साधारणपणे असते. परदेशात सीबीएसईतून दहावी केली तरी ती महाराष्ट्राबाहेरचीच धरली जाते. मुलगी तिसरीत आहे, म्हणजे तुमच्याकडे पाच-सहा वर्षे आहेत. आठवीच्या सुमारास परतायचे की तिचे पुढचे शिक्षण तिकडच्याच मार्गाने न्यायचे, हे जाण्याआधी दोघांनी बसून बोलून घ्या. मराठीसाठी दुबई आणि सिंगापूरसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळांचा आधार मिळतो, पण रोजची मराठी घरातच टिकवावी लागते.

पतींच्या नोकरीबद्दल कोणी आधी बोलत नाही आणि पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त ताण त्याचाच येतो. अवलंबित व्हिसावर राहता येते, नोकरीसाठी वेगळा परवाना लागतो आणि तो मिळेपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. शक्य असेल तर पहिले सत्र तुम्ही एकटीने काढा, पतींनी नोकरी चालू ठेवावी आणि घर व शाळा जमल्यावर दोघांनी यावे. लेकीपासून चार महिने दूर राहणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही घाईने तिघांनी जाऊन एकाच पगारात दुबईचे भाडे भरण्यापेक्षा बहुतेक कुटुंबांना हेच झेपते.

पैशाच्या व्यवहारात जाण्याआधी एवढे करा की, बँकेला कळवून बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे इथल्या उत्पन्नासाठीचे खाते, करून घ्या आणि परदेशातला पगार पाठवण्यासाठी एनआरई हे अनिवासी खाते उघडा. आधीपासूनचे पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. नोकरीसाठी ऑगस्टमध्ये निघालात आणि त्या आर्थिक वर्षात भारतात एकूण १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर प्राप्तिकराच्या दृष्टीने त्याच वर्षी अनिवासी ठरता, आणि तिकडचा पगार इथे करपात्र होत नाही. सुट्टीला येताना म्हणून दिवसांची नोंद ठेवावी.

वेळापत्रकाचे सांगते. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या शाळा ऑक्टोबरपासून जागा जाहीर करतात, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चांगल्या जागा भरतात, आणि एप्रिल-मेमध्ये उरतात त्या जागा का उरल्या हे विचारावे लागते. टीईएस, सर्च असोसिएट्स, श्रोल ही शिक्षकभरतीची नेहमीची ठिकाणे आहेत, पण तुम्ही निवडलेल्या शाळांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरही थेट अर्ज करा. तुम्ही येत्या जूनपासून इथल्या केंब्रिज शाळेत रुजू झालात, तर तिथल्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत क्यूटीएसचा अर्ज आणि विद्यापीठाची पडताळणी उरकेल, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिले अर्ज जातील, आणि दुसरे वर्ष संपताना तुमच्या हाती अभ्यासक्रमाचा अनुभव, प्रमाणित कागद आणि मुख्याध्यापकांचा अभिप्राय हे तिन्ही असेल. सध्याची शाळा सोडताना राजीनाम्याची मुदत पूर्ण करा आणि अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच हातात घ्या; नंतर तो मागायला नाशिकला खेप घालावी लागते.